तीन सूत

मी कर्नलवर काम करते, असं सांगितलं
की खालच्या मजल्यावरचे घोरपडे विचारतात,
"कुठल्या रेजिमेंटचे? खडकीला असतात का?"
आता मीही हो म्हणून टाकते.
दारं आहेत, पहारा आहे,
उंबरठा ओलांडणाऱ्याची झडती होते.
फार खोटं नाही ते.

वारज्यात तिसरा मजला, खाली बायपास.
बाबांचे डोळे साखरेने नेले,
एक दिवाळीआधी, दुसरा होळीच्या सुमारास.
तेव्हापासून या घरात काही हलत नाही.
पलंगापासून दार सात पावलं,
डावीकडे चार, मग स्टूल,
स्टुलावर तांब्या, तांब्यावर फुलपात्र.
भोसरीच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं
मायक्रॉनच्या हिशेबात जगलेला माणूस
हात लांब करतो, थांबतो,
आणि वस्तू तिथे असते.

मी रोज बाणेरला जाऊन
नेमकं याच्या उलट करते.
एखादा प्रोग्रॅम आतल्यांकडे काही मागायला आला
की त्याच्या पायाखालचा स्टॅक
जरासा सरकवून ठेवते.
किती, ते मलाही ठाऊक नसतं.
घड्याळाचा जो काटा कुणालाच दिसत नाही
त्याची थरथर उचलायची,
तीही आधीचा पाहुणा बाहेर पडताना,
म्हणजे पुढच्याला वेळ साधता येणार नाही.
मागच्या खेपेला परतीचा पत्ता जिथे होता
तिथे या खेपेला भलतंच काही.

"पाच बिट," तांबोळी म्हणाला, "फक्त बत्तीस जागा.
बत्तिसात एकदा त्याचा हात बरोबर पडणार."
पडेल ना.
पण आधी चुकेल, आणि चुकला की मशीन कोसळेल,
लॉगमध्ये बोंब उठेल,
कुणीतरी झोपेतून उठून दिवा लावेल.
चोराला आवाज परवडत नाही.
"आणि वेग?"
शंभरातला एक जातो.
तो एक मी दोन मिटिंगा भांडून मागून घेतला.

त्या चोराचा चेहरा मला कधी सुचला नाही.
हात मात्र दिसतो.
त्यालाही आतलं काही दिसत नसतं,
त्यानेही कुठूनतरी पावलं मोजून आणलेली असतात,
सात, मग डावीकडे चार.
हात लांब करतो, थांबतो.
कधीकधी मला त्या हातावरचे
लेथच्या किसाचे डागसुद्धा दिसतात
आणि मी खुर्चीतून उठून पाणी पिऊन येते.

परवा फरशी पुसताना स्टूल उचललं,
तेवढ्यात तांबोळीचा फोन, टेस्ट अडकली होती.
स्टूल ठेवलं कुठेतरी, तिथेच की.
संध्याकाळी फुलपात्र पडल्याचा आवाज आला.
बाबा पाण्यात उभे, वाकलेले,
बोटांनी फरशीचा सांधा चाचपत.
"तीन सूत," ते म्हणाले. "भिंतीकडे."

पाणी पुसता पुसता मी सगळं सांगितलं,
बिट, काटा, बत्तीस जागा, सगळं.
"म्हणजे तू हे पगार घेऊन करतेस?"
"चोरासाठी, बाबा."
"मग घरच्याला कसं सापडतं?"
"घरचा भिंतीपासून मोजत नाही.
जिथे उभा केला तिथून मोजतो.
त्याची सात पावलं सातच राहतात."
ते बराच वेळ गप्प. खाली ट्रक जात राहिले.
"म्हणजे अख्खी खोली सरकवतेस. पलंगासकट."
"हो."
"मग ठीक आहे.
इथे स्टूल एकटंच सरकलंय.
याला सुरक्षा म्हणत नाहीत, वेंधळेपणा म्हणतात."

रात्री मी स्टुलाच्या चारी पायांभोवती
नेलपॉलिशने खुणा केल्या.
वासावरूनच त्यांना कळलं.
"पुसताना निघेल ते," अंधारातून आवाज आला.
मग जरा वेळाने, मी दिवा मालवल्यावर,
"बत्तीस कमी वाटतात मला.
चौसष्ट बसतात का बघ."